कमी ऐकलेलं, कमी वाचलेलं आणि आत शिरायची वाट

"काहीतरी वेगळं ऐकायला सुचव" किंवा "पोरीला वाचायला एखादी चांगली कादंबरी सांग" असं कुणी म्हटलं की आपण चार नावं सांगून मोकळे होतो. बहुतेक वेळा ती नावं तिथेच विरतात. माणूस हौसेनं ऐकायला बसतो, नको त्या ट्रॅकपासून सुरुवात करतो आणि दोन मिनिटांत बंद करतो. पुस्तकाचं तर त्याहून वाईट: साठ पानं झाली तरी काही घडत नाही म्हणून ते उशाशी पडून राहतं. दोष संगीताचा नसतो आणि वाचणाऱ्याचाही नसतो. आत शिरायची वाट कुणी दाखवलेली नसते. म्हणून इथे नावं मोजकीच देतोय, पण प्रत्येकाबरोबर कुठून सुरू करायचं, कुठे अडायला होतं आणि का, हेही सांगतोय.

ऐकायला बसण्याआधी ॲपमधल्या तीन गोष्टी बंद करा: शफल, ऑटोप्ले आणि क्रॉसफेड. पहिल्या दोन कशासाठी ते सगळ्यांना ठाऊक असतं. क्रॉसफेडकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. एक ट्रॅक संपता संपता दुसरा त्यावर चढतो आणि मधली शांतता खाऊन टाकतो. खाली ज्या रेकॉर्ड्सबद्दल लिहिलंय त्यातल्या निम्म्या त्या शांततेवरच उभ्या आहेत. बेस बूस्टही काढून टाका, तारवाद्यांचा त्यानं पार चिखल होतो.

पियानोवर आलापासारखं काहीतरी

सुरुवात एमाहोय त्सेगे-मरियम गेब्रू यांच्यापासून. जन्म १९२३, अदिस अबाबा. मृत्यू २०२३, जेरुसलेम. लहानपणी स्वित्झर्लंडमध्ये शिक्षण, पाश्चात्त्य अभिजात संगीताची रीतसर तालीम, मग ऐन तारुण्यात संन्यास. पुढची कित्येक दशकं त्या जेरुसलेममधल्या इथिओपियन मठात राहिल्या. 'एथिओपीक्स' नावाच्या मोठ्या मालिकेचा २१वा खंड संपूर्ण त्यांच्या एकल पियानोवादनाचा आहे, तो २००६ साली आला. शोधताना नुसतं 'एमाहोय' टाका. पूर्ण नाव रोमन लिपीत वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलं जातं आणि एका स्पेलिंगनं शोधलं तर अर्ध्या रेकॉर्डिंग सापडतच नाहीत.

पहिलाच ट्रॅक, 'द होमलेस वाँडरर', लावा. इथे बहुतेकांना लागणारी पहिली ठेच म्हणजे ठेका सापडत नाही. पायानं ताल धरायला जावं तर दोन ओळींत तो सुटतो, आणि वादन ढिलं आहे असं वाटायला लागतं. तसं नाही. डावा हात साधारण एका चालीनं आधार देत राहतो आणि उजवा हात त्यावर स्वतःच्या मर्जीनं रेंगाळतो, घाई करतो, एका स्वराभोवती बारीक कण लावत फिरतो. ज्यांनी विलंबित ख्यालाआधीचा आलाप ऐकलाय त्यांना हे लगेच ओळखीचं वाटेल. ताल धरायचा नाद सोडा आणि पहिल्या ऐकण्यात फक्त डावा हात कुठे टेकतो तेवढं पाहा. दुसऱ्यांदा उजवा हात ऐका. एका बैठकीत दोन-तीन ट्रॅक पुरे. सलग १६ ऐकले तर सगळे एकसारखे वाटू लागतात, कारण स्वरांचा साठा मर्यादित आहे आणि कान थकतो.

स्वरांच्या साठ्याबद्दल थोडं खोलात, कारण आपल्याकडच्या कानाला इथे एक सोय आहे आणि एक अडचणही. इथिओपियन संगीतातल्या मुख्य स्वरसंचांपैकी एकाचं नाव तिझिता. त्याच्या मेजर रूपात सा रे ग प ध असे पाच स्वर येतात, म्हणजे थेट भूप रागाचे. मायनर रूपात गंधार आणि धैवत कोमल होतात. अंबासेल नावाच्या दुसऱ्या संचात सा, कोमल रे, शुद्ध म, प, कोमल ध हे स्वर असतात, म्हणजे गुणक्री रागाचे. त्यामुळे पहिल्या काही सेकंदांत 'हे तर ओळखीचं आहे' असं वाटतं. अडचण त्यानंतर सुरू होते. स्वर तेच असले तरी चलन वेगळं आहे. भूप ऐकलेला कान गंधार-पंचम-धैवताच्या ठरलेल्या वळणांची वाट पाहत बसतो, ती येत नाहीत आणि उगाच अपुरं अपुरं वाटत राहतं. म्हणून राग ओळखायचा मोह टाळा. स्वर ओळखलेत तेवढं बस, पुढची वाट त्यांना दाखवू द्या.

हेच स्वर बँडच्या थाटात ऐकायचे असतील तर मुलातू अस्तातके. यांनी लंडन आणि बोस्टनमध्ये शिकून इथिओपियन स्वरसंच जॅझच्या वाद्यमेळात बसवले. स्वतः व्हायब्राफोन, म्हणजे धातूच्या पट्ट्यांचं वाद्य, वाजवतात. 'एथिओपीक्स'चा चौथा खंड त्यांचा. 'येकेर्मो सेव' पासून सुरुवात करा, चार मिनिटांत हा माणूस काय करतोय ते कळतं. २००५ सालच्या 'ब्रोकन फ्लॉवर्स' या चित्रपटात त्यांचं संगीत वापरलं गेल्यावर त्यांचं नाव इथिओपियाबाहेर बरंच पसरलं, त्यामुळे 'कमी ऐकलेलं' म्हणताना मी जरा अडखळतो. पण एमाहोयनंतर लगेच हे ऐकलं तर तेच पाच स्वर किती वेगळ्या अंगानं नाचू शकतात ते समजतं, म्हणून ही जोडी तोडू नये.

दोन कोरा, एक रात्र

मालीचं कोरा हे वाद्य: अर्धा कापलेला मोठा भोपळा, त्यावर ताणलेलं गाईचं कातडं, लांब दांडी आणि २१ तारा. डाव्या हाताला ११, उजव्या हाताला १०. वाजवताना दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या एवढीच बोटं चालतात, बाकीच्या बोटांनी वाद्य धरलेलं असतं. चार बोटांत कोरावादक खर्जातला ठेका, मधली धून आणि वरच्या भराऱ्या तिन्ही एकदम वाजवतो.

तुमानी जाबाते आणि बालाके सिसोको यांची 'न्यू एन्शंट स्ट्रिंग्ज' ही रेकॉर्ड १९९९ साली आली. ध्वनिमुद्रण त्याआधीचं, २२ सप्टेंबर १९९७ च्या रात्रीचं, बामाकोमधल्या एका संगमरवरी दालनात. दालनात घुमणारा नाद स्पष्ट ऐकू येतो आणि तीच या रेकॉर्डची निम्मी जादू आहे. दोघांच्या वडिलांनीही १९७० साली अशीच कोरावादनाची रेकॉर्ड केली होती आणि मुलांनी तिचंच नाव थोडं बदलून उचललं.

सुरुवात 'बी लांबाम' या पहिल्याच ट्रॅकपासून. तो तीनदा ऐका, पण दर वेळी कान वेगळ्या जागी ठेवा. पहिल्यांदा फक्त अंगठ्यांनी वाजणारा खर्जातला आवर्ती तुकडा, ज्याला तिथले लोक कुंबेंगो म्हणतात. दुसऱ्यांदा त्यावरून उतरत येणाऱ्या वेगवान ताना, त्यांना बिरिमिंतिंगो म्हणतात. तिसऱ्यांदा दोघांपैकी कोण कधी मागे सरकून साथीला राहतो ते पाहा. ही देवाणघेवाण इतकी सभ्यपणे होते की लक्ष नसेल तर कळतही नाही. याच कारणानं ही रेकॉर्ड वाया जाते. लोक ती कामाच्या मागे लावतात आणि मग ती हॉटेलच्या लॉबीतल्या संगीतासारखी गुळगुळीत होऊन जाते. दोन वाद्यं वेगळी ऐकू यायला हेडफोन लागतोच.

तुमानींची 'काइरा' (१९८८) ही एकट्याची रेकॉर्डही उत्तम आहे. तिथे एकच कोरा आहे, तरी पहिल्यांदा ऐकणाऱ्याला दोघे वाजवताहेत असं वाटतं.

एका गळ्यातून दोन स्वर

तुवा हा सैबेरियाच्या दक्षिणेचा, मंगोलियाला लागून असलेला प्रदेश. तिथल्या हून-हूर-तू या गटाची १९९३ सालची 'सिक्स्टी हॉर्सेस इन माय हर्ड' ही रेकॉर्ड घ्या. यातलं 'कोंगुरेइ' हे गाणं आधी ऐका. त्यात करामत कमी आणि गाणं जास्त आहे. बहुतेक लोक इंटरनेटवर कंठगायनाची, म्हणजे एकाच गळ्यातून दोन स्वर काढण्याची, प्रात्यक्षिकं पाहून येतात, त्यामुळे त्यांना ही सर्कस वाटते आणि पाच मिनिटांत कुतूहल संपतं. गाण्यातून शिरलात तर तसं होत नाही.

हे घडतं कसं, ते तानपुरा ऐकणाऱ्याला सांगणं सोपं. चांगल्या लागलेल्या तानपुऱ्यात खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार ऐकू येतो. तो कुणी छेडलेला नसतो, षड्जाच्या पोटातूनच निघतो. तो पाचवा संवादी अंश, म्हणजे मूळ स्वराच्या पाचपट कंपनांचा स्वर. तुवातला गायक असाच एक षड्ज गळ्यानं धरून ठेवतो आणि जीभ-ओठांचा आकार बदलून त्याच्या पोटातले सहावा, आठवा, नववा, दहावा, बारावा असे अंश एकेक करून मोठे करतो. आठव्याला सा धरलं तर नववा रे, दहावा ग, बारावा प, आणि खालचा सहावा म्हणजे मंद्र पंचम. सातवा आणि अकरावा ते मुद्दाम गाळतात. म्हणून ती शिटीसारखी धून आपल्याला भूपाच्या अंगानं जाते असं वाटतं.

या शिटीसारख्या प्रकाराचं नाव सिगित. दुसरा प्रकार कार्गिरा, त्यात आवाज मूळ स्वराच्या एक सप्तक खाली घरघरत उतरतो, कारण स्वरतंतूंच्या वरच्या पडद्यांचंही कंपन त्यात मिसळतं. फोनच्या स्पीकरवर ऐकणाऱ्यांचा घोटाळा इथेच होतो. तेवढ्या लहान स्पीकरला शंभर हर्ट्झच्या आसपासचे खर्जातले स्वर वाजवताच येत नाहीत, त्यामुळे पायाच निघून जातो आणि उरते ती नुसती खरखर. कानात बसणारे साधे तारेचे इअरफोनही या कामाला फोनच्या स्पीकरपेक्षा कितीतरी बरे.

आणखी चार, थोडक्यात

चरणजित सिंग यांची १९८२ सालची 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टु अ डिस्को बीट'. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या या वादकानं रोलंड कंपनीची सूर आणि ठेका काढणारी तीन इलेक्ट्रॉनिक यंत्रं घेतली: ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३. त्यावर त्यांनी दहा राग वाजवले. तेव्हा कुणी फारशी दखल घेतली नाही. २०१० साली ती पुन्हा प्रसिद्ध झाली तेव्हा जगभरचे डीजे चक्रावले, कारण टीबी-३०३ मधून काढलेला तो पिळवटलेला खर्ज शिकागोच्या ॲसिड हाउस या नृत्यसंगीताची ओळख बनला तो १९८७ च्या सुमारास. ऐकताना राग-विस्ताराची अपेक्षा ठेवू नका. आवर्तनागणिक चढत जाणारी बढत इथे नाही, ठेका सुरू होतो तो शेवटपर्यंत तसाच. भैरवीपासून सुरू करा आणि मग मालकंस. सलग दहाही लावायचे असतील तर चालताना लावा, बसून ऐकल्यास ठोक्याचा कंटाळा येतो.

हिरोशी योशिमुरा, 'म्युझिक फॉर नाइन पोस्ट कार्ड्स', तीही १९८२ ची, जपानमधली. इलेक्ट्रिक पियानोवर वाजवलेले नऊ छोटे तुकडे, मनाशी खिडकीबाहेरचं दृश्य धरून केलेले. इथे सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आवाज किती ठेवायचा ते. पंख्याचा आवाज ऐकू येत राहील एवढाच आवाज ठेवा. मोठ्यानं लावलं तर हे संगीत अगदी रिकामं वाटतं, कारण ते खोलीतल्या आवाजांत मिसळायला म्हणूनच केलंय. पहिला तुकडा 'वॉटर कॉपी', पण घाईत असाल तर 'ब्लिंक'.

मूनडॉग, म्हणजे लुई हार्डिन. किशोरवयात दृष्टी गेली, पुढे अनेक वर्षं न्यूयॉर्कच्या सिक्स्थ ॲव्हेन्यूवर व्हायकिंगच्या वेषात उभा राहून तो स्वतःच्या रचना विकायचा. १९६९ सालची 'मूनडॉग' ही रेकॉर्ड घ्या आणि तिच्यातला 'बर्ड्स लॅमेंट' आधी ऐका. जॅझ सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करच्या आठवणीत केलेला, दोनेक मिनिटांचा, एकाच फिरत्या खर्जावर सॅक्सोफोनचे पदर चढवत नेणारा. त्याच्या बऱ्याच रचना पाच आणि सात मात्रांच्या आहेत. चार-चारच्या ठेक्याला सरावलेल्या पाश्चात्त्य श्रोत्याला त्या वाकड्या वाटतात, पण रूपक आणि झपताल ऐकलेल्याला मुळीच अडचण येऊ नये.

वॅश्टी बन्यन, 'जस्ट अनदर डायमंड डे', १९७०. अगदी हलक्या आवाजातली, लोकगीतांच्या वळणाची इंग्रजी गाणी. तेव्हा विकली गेली नाहीत, बाईंनी गाणं सोडलं. २००० साली रेकॉर्ड पुन्हा निघाली आणि दुसरी रेकॉर्ड आली ती थेट २००५ मध्ये, ३५ वर्षांनी. इथे शब्द ऐकावे लागतात, म्हणून वाचताना लावू नका.

कादंबऱ्यांकडे

मराठी वाचकाला कुमारवयाचं साहित्य म्हणजे काय हे समजवायला नको. प्रकाश नारायण संतांचा लंपन ज्यानं वाचलाय त्याला ठाऊक आहे की पोराच्या नजरेतून लिहिलेलं पुस्तक पोरांसाठीच असतं असं नाही. इंग्रजीतल्या 'यंग ॲडल्ट' कपाटात मात्र गर्दी फार झालीय आणि दर्शनी भागात तीच ती दहा नावं. खालची पुस्तकं मागच्या रांगेतली. सगळी इंग्रजीत मिळतात. वय मी अंदाजानंच सांगतोय, खरा निकष वाचायच्या सवयीचा.

सर्वांत आधी मेगन व्हेलन टर्नर यांची 'द थीफ' (१९९६). पुढच्याच वर्षी तिला न्यूबेरी ऑनर हा अमेरिकेतला बालसाहित्याचा मान मिळाला. राजाची मुद्रा चोरून गुत्त्यात बढाया मारणारा जेन तुरुंगात पडलाय. राजाचा विद्वान सल्लागार, ज्याला सगळे मेगस म्हणतात, त्याला बाहेर काढतो. अट एकच, एक पुराणकालीन वस्तू चोरून आणायची. मेगस, दोन शिकाऊ तरुण, एक शिपाई आणि जेन असे पाच जण निघतात. प्रदेश प्राचीन ग्रीससारखा, पण बंदुका आणि खिशातली घड्याळंही आहेत.

आणि मग पुस्तकाचा निम्मा भाग चालण्यात जातो. भूक, खाण्यावरून कुरबुरी, पाय दुखणं, मधूनमधून शेकोटीपाशी सांगितलेल्या देवदेवतांच्या कथा. सोडून देणाऱ्यांतले नव्वद टक्के इथेच सोडतात असं माझं निरीक्षण आहे. 'चोरी कुठेय?' असं म्हणून. त्यांना थांबवून एकच सांगावं: निवेदक जेन आहे आणि तो चोर आहे. तो खोटं बोलत नाही, पण काय सांगायचं नाही ते त्यानं नीट ठरवलंय. तो कशाबद्दल तक्रार करतो आणि कशाबद्दल चकार शब्द काढत नाही याकडे लक्ष ठेवून वाचलं तर ते चालणंच पुस्तकातला सगळ्यात चुरशीचा भाग होतो. देवांच्या कथाही गाळू नका, त्या सजावटीला घातलेल्या नाहीत. शेवट वाचून झाला की पहिली तीन प्रकरणं लगेच पुन्हा वाचा, तीच वाक्यं वेगळं बोलायला लागतात.

मालिका सहा पुस्तकांची आहे आणि २०२० च्या 'रिटर्न ऑफ द थीफ'ने ती पूर्ण झाली. दोन इशारे. दुसऱ्या पुस्तकाच्या, 'द क्वीन ऑफ ॲटोलिया'च्या (२०००) मागचा मजकूर पहिलं संपेपर्यंत वाचू नका, पहिल्याचं गुपित तिथेच फुटतं. आणि हे दुसरं पुस्तक सुरुवातीलाच एक अत्यंत क्रूर प्रसंग समोर ठेवतं, शिवाय निवेदन प्रथमपुरुषी न राहता तृतीयपुरुषी होतं. अकरा-बारा वर्षांच्या वाचकाला पहिलं देऊन थांबावं, दुसरं दोनेक वर्षांनी. तिसरं, 'द किंग ऑफ ॲटोलिया' (२००६), मला सगळ्यांत आवडतं. ते बरंचसं कॉस्टिस नावाच्या एका साध्या पहारेकऱ्याच्या नजरेतून येतं आणि त्याला जे दिसत नाही ते वाचकाला दिसत राहतं.

दुसरं नाव फ्रान्सेस हार्डिंज. २०१५ सालच्या 'द लाय ट्री'ला ब्रिटनमधल्या कोस्टा पुरस्कारांमधला 'बुक ऑफ द इयर' हा सर्वोच्च मान मिळाला. मुलांच्या पुस्तकाला तो मिळण्याची त्याआधीची एकच वेळ होती. त्यामुळे सगळे तेच आधी सुचवतात आणि तिथेच गडबड होते. गोष्ट डार्विनच्या सिद्धांतानं खळबळ माजल्यानंतरच्या दशकातली. १४ वर्षांची फेथ, तिचे निसर्गअभ्यासक पाद्री वडील, आणि असं एक झाड ज्याच्या कानाशी खोटं कुजबुजायचं, मग ते खोटं जगात पसरवायचं. जितके जास्त लोक विश्वास ठेवतील तितकं मोठं फळ, आणि ते फळ खाल्लं की एक दडलेलं सत्य कळतं. कल्पना जबरदस्त, पण झाड प्रत्यक्ष येतं बऱ्याच उशिरा. तोपर्यंत बेटावरचं गावगप्पांचं, मानापमानाचं वातावरण. जादूच्या आशेनं आलेला वाचक तिथे कंटाळतो. रहस्यकथा म्हणून हातात दिलं तर हेच पुस्तक तो सोडत नाही.

हार्डिंजची ओळख करून द्यायला मी 'अ फेस लाइक ग्लास' (२०१२) देईन. जमिनीखालचं कॅव्हर्ना नावाचं शहर, जिथे जन्मलेल्यांच्या चेहऱ्यावर भाव उमटतच नाहीत. प्रत्येक भाव शिकून घ्यावा लागतो आणि नवे 'चेहरे' घडवणारे कारागीर ते विकतात. श्रीमंतांकडे शेकडो चेहरे. राबणाऱ्यांना मात्र आज्ञाधारकपणाचे मोजके दोन-चारच शिकवलेले. राग दाखवायचा चेहराच त्यांच्याकडे नाही, त्यामुळे शेजारचाही रागावलाय हे कुणाला कळत नाही आणि बंड उभंच राहत नाही. या शहरात नेव्हरफेल नावाची एक मुलगी सापडते, जिच्या मनातलं सगळं चेहऱ्यावर लख्ख दिसतं. एवढ्या एका कल्पनेतून हार्डिंजनी राजकारण, गुप्तहेरगिरी आणि विनोद सगळं काढलंय. अडचण भाषेची. तिच्या जवळजवळ प्रत्येक वाक्यात एक उपमा असते. इंग्रजी ज्याची रोजची भाषा नाही त्यानं एका बैठकीत वीस-पंचवीस पानांपुढे जाऊ नये. अनोळखी शब्दासाठी प्रत्येक वेळी शब्दकोश उघडू नका, तिच्या जगातले निम्मे शब्द तिनेच घडवलेले आहेत आणि ते कोशात सापडणार नाहीत.

नाहोको उएहाशी यांची 'मोरिबितो: गार्डियन ऑफ द स्पिरिट' जपानीत १९९६ मध्ये आली, इंग्रजीत २००८ मध्ये, कॅथी हिरानो यांच्या अनुवादात. कुमारकादंबरीची नायिका तीस वर्षांची, भाला चालवणारी, पैसे घेऊन रक्षण करणारी बाल्सा. हे ऐकूनच कित्येक मुलं नाक मुरडतात. पहिलं प्रकरण मात्र वाचायला लावा: राजपुत्र चागुम पुलावरून नदीत पडतो आणि बाल्सा उडी घेते. तिथून पुढे समजवावं लागत नाही. चागुमच्या अंगात एका जलदेवतेचं अंडं वाढतंय आणि त्याचे वडीलच त्याच्या जिवावर उठलेत. पुस्तकाचा खरा गाभा मात्र इतिहासाचा आहे. राज्याच्या दप्तरी लिहिलेला एक, आणि तिथल्या मूळ याकू लोकांच्या गाण्यांत, सणांत उरलेला दुसरा. जीव वाचवायची किल्ली कुठल्या इतिहासात आहे, यावर सगळं अडतं. उएहाशी मानववंशशास्त्राच्या अभ्यासक आहेत, ते इथे पुरेपूर कामी आलंय. नावांचा गोंधळ होतो, म्हणून सुरुवातीलाच कागदावर लिहून ठेवा: सागू म्हणजे आपलं दिसणारं जग, नायुगू म्हणजे न दिसणारं, तांदा वैद्य, तोरोगाई त्याची म्हातारी गुरू. एवढ्यावर पहिली शंभर पानं निभावतात. २००७ सालची ॲनिमे मालिकाही चांगली आहे, पण २६ भागांत ती बरीच पसरते, म्हणून पुस्तक आधी.

टेरी प्रॅचेट म्हटलं की त्यांची डिस्कवर्ल्ड मालिका. त्यामुळे त्यांची 'नेशन' (२००८) ही स्वतंत्र कादंबरी मागे पडते. महालाटेत सगळं गाव गेलेला माऊ आणि जहाज फुटून त्याच बेटावर आलेली मुलगी, दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. पहिले अध्याय फार जड आहेत, माऊ एकटा आपल्या माणसांना समुद्रात सोडतो. नुकतंच घरात कुणी गेलं असेल अशा मुलाला हे पुस्तक देताना आधी स्वतः वाचा. प्रॅचेटचा विनोद पुढे येतो, पण उशिरा आणि हळूच.

डायना विन जोन्स यांची 'डॉग्सबॉडी' (१९७५) छोटी आणि सोपी. सिरियस या ताऱ्यावर खुनाचा आरोप ठेवून त्याला शिक्षा म्हणून पृथ्वीवर कुत्र्याच्या पिल्लाच्या जन्माला घालतात. कुत्र्याच्या अंगात राहून जग कसं दिसतं, वास कसे येतात, माणसांचं बोलणं हळूहळू कसं कळायला लागतं, हे यात इतकं बारकाईनं येतं की दहा वर्षांचा वाचकही गुंगतो. पहिलं प्रकरण आकाशातल्या न्यायालयाचं आहे आणि काहीसं गोंधळाचं, तेवढं मोठ्यानं वाचून दाखवावं.

वाचताना मागे संगीत हवं असणाऱ्यांसाठी: योशिमुरा कुठल्याही पुस्तकाबरोबर चालतो. कोरा, एकदा नीट लक्ष देऊन ऐकून झाल्यावर, 'द थीफ'मधल्या त्या लांबच्या चालण्याबरोबर चांगला जमतो. एमाहोय आणि हून-हूर-तू दोन्ही टाळा, एमाहोयची लय वाचनाच्या लयीला सारखी खेचत राहते आणि तुवातला आवाज आला की डोळे पानावरून उठतातच.

शेवटचं पुस्तक नेदी ओकोराफोर यांचं 'अकाटा विच' (२०११). अमेरिकेत जन्मलेली, नायजेरियात राहणारी, कातडीला ऊन न सोसणारी सनी आणि तिला सापडणारा जादू जाणणाऱ्यांचा समाज. इथे पैसा मिळतो तो शिकल्यावर. एखादी गोष्ट खरोखर समजली की आकाशातून चित्तिम नावाची नाणी टपटप पडतात. सगळ्यात मोठी इभ्रत ज्ञानाला, आणि ती नुसती बोलायला नाही, तिथली सगळी बाजारपेठ तीवर चालते. मधला भाग शिकवण्यांचा आणि फेरफटक्यांचा आहे, खलनायक बराच वेळ दूर राहतो आणि शेवटची लढाई झटकन उरकते. तरीही हे जग बघण्यासाठी वाचावं. विकत घेताना एक सांभाळा: हीच कादंबरी काही ठिकाणी 'व्हॉट सनी सॉ इन द फ्लेम्स' या नावानंही निघालीय. ती दुसरा भाग समजून घेऊ नका. दुसरा भाग 'अकाटा वॉरियर' (२०१७), तिसरा 'अकाटा वुमन' (२०२२). दुसरा पहिल्यापेक्षा बराच बांधेसूद आहे, त्यामुळे पहिल्याच्या शेवटानं थोडी निराशा झाली तरी तिथे थांबू नका.